बाप्पाची उजवी पापणी

(रत्नागिरीतला एक डोळ्यांचा दवाखाना, सकाळची वेळ. ऑपरेशनला नेण्याआधी डॉ. मृणाली शेवटची तपासणी करताहेत. समोर खुर्चीत वेळणेश्वरचे गणपती करणारे आप्पा, दाराशी त्यांची सून समीक्षा.)

मृणाली : मान नाही, आप्पा. मान सरळ ठेवा. फक्त डोळे वर.

आप्पा : वरच हायत. पंख्याला कोळिष्टक लागलंय, ते पण दिसलं.

मृणाली : दिसू दे. अजून अर्धं मिनिट तिथेच बघत राहा. पापणी दमून खाली येते का, ते बघतेय.

आप्पा : दमायला आधी काम करायला लागतं, डॉक्टरीणबाई. ही डावी पापणी नुसती पडून असते. समीक्षा, तू काय गो दाराशी उभी? बस की. कापायचं मला हाय.

समीक्षा : बरी आहे इथे, आप्पा.

मृणाली : झालं. आता खाली बघा. परत समोर. छान. दमली नाही. मघाशी दोन मिनिटं बर्फ ठेवला, त्यानेही वर आली नाही.

आप्पा : म्हणजे नापास?

मृणाली : पास. बर्फाने वर आली असती, तर मला काळजी वाटली असती.

आप्पा : बर्फात मासळी ताजी राहते. म्हातारा कुठला ताजा व्हायला? बरं, पण मला झालंय काय ते एकदा नीट सांगा. गेल्या खेपेला आमचा मुलगा सर्वेश होता बरोबर. तुमच्यासमोर मान डोलवलीन् आणि घरी येऊन सांगितलंन् काय, तर ‘वयामुळे’. वयामुळे काय? वय काय पापणीवर येऊन बसलंय?

मृणाली : थोडंसं तसंच आहे. ही कवटी बघा. प्लॅस्टिकची आहे, घाबरू नका.

आप्पा : घाबरतो कशाला? द्या इकडे. ही खोबण?

मृणाली : डोळ्याची खोबण. सात हाडं मिळून झालेली.

आप्पा : सात! आणि मी गेली चाळीस वर्षं अंगठ्याने गोल दाबतोय. ही तर चौकोनी म्हणायची. कोपरे तेवढे घासलेले. आणि आत निमुळती होत गेलीय.

मृणाली : हो, मागच्या टोकाला भोक आहे, तिथून डोळ्याची नस मेंदूकडे जाते. नाकाच्या बाजूची ही भिंत खऱ्या हाडात कागदाइतकी पातळ असते. उजेडाला धरली तर आरपार उजेड दिसतो.

आप्पा : आणि एवढी कागदाची भिंत घेऊन आमच्या गावचा म्हातारा बाबल्या फणस काढायला शेंड्यापर्यंत चढतो!

मृणाली : म्हणून तर पुढची कड जाड असते. तोंडावर काही आपटलं, तर मार आधी कडेवर येतो. डोळा मागे, चरबीच्या गादीत.

आप्पा : आमचंपण तेच. शाडूच्या तोंडावर आधी खोबण दाबायची, मग आत गोळी बसवायची, मग वरून पापणीची पट्टी लावायची. हल्लीची पोरं सपाट तोंडावर रंगानेच डोळा काढतात. तो डोळा बघत नाय, नुसता चिकटून राहतो. बरं, पापणीचं सांगा.

मृणाली : पापणीला वरून कातडी. अख्ख्या अंगावरची सगळ्यात पातळ. तिच्याखाली डोळा मिटणारा गोल स्नायू. मग एक पडदा, मग थोडी पिवळी चरबी. ती चरबी दिसली की मला हायसं वाटतं.

आप्पा : चरबी बघून?

मृणाली : तिच्या लगेच मागे मला हवा तो असतो. पापणी वर उचलणारा स्नायू. खोबणीच्या पार तळातून निघतो, छताखालून पुढे येतो, आणि पुढे आल्यावर त्याचा रुंद, पातळ पट्टा होतो. पापणीच्या कडेला आत एक कडक पट्टी असते. तिला हा पट्टा धरून असतो. स्नायूने ओढलं की पापणी वर. तुमचा स्नायू धडधाकट आहे, आप्पा. पट्टा तेवढा पट्टीवरून सुटून मागे सरकलाय.

आप्पा : म्हणजे शीड चांगलं, दोरी सुटली. असं सांगा ना! माझा मामा गलबतावर होता. सुटलेली दोरी परत बांधायची, झालं.

मृणाली : तेच करणार. इंजेक्शन देऊन तेवढीच जागा बधिर करायची. तुम्ही जागे. टाका घेतला की तुम्हाला उठवून बसवणार आणि दोन्ही डोळे सारखे उघडतात का बघणार.

आप्पा : मी सांगेन तुम्हाला, अजून किती वर घ्यायची ते.

मृणाली : तुम्ही काही सांगायचं नाही. मी मोजणार. पण मुळात तुमची पापणी किती वर असायची ते कळावं, म्हणून जुने फोटो आणायला सांगितले होते. आणि तुमच्या सूनबाईंनी आणले गणपतीचे.

आप्पा : माझे फोटो नायतच. लग्नात फेटा भुवयांवर उतरला होता. आधार कार्डावर दोन्ही डोळे मिटलेले. तो बाबा म्हणाला, हलू नका, आणि मी नेमका शिंकलो.

समीक्षा : मी गावातल्या घरांतून मागवले, मॅडम. वर्षावार लावलेत. म्हटलं, गणपती बघितले तरी तुम्हाला कळेल. आप्पा आरशात बघून आखणी करतात.

मृणाली : आरशात?

आप्पा : बापाशीने घालून दिलेली रीत. आखणी, म्हणजे डोळे काढायचं काम, ज्या दिवशी सुरू होतं, त्या दिवशी शाळेतल्या खांबाला आरसा टांगायचा. आमच्याकडे गणपती करतात त्या जागेला शाळाच म्हणतात. हत्तीचे डोळे कुठे असतात? बाजूला. आमच्या बाप्पाला डोळे माणसाचे लागतात, समोर बघणारे. मग माणूस कुठून आणायचा? आरशातून. आधी आपली पापणी बघायची, मग मूर्तीकडे वळायचं. एकशे सात मूर्ती, एकशे सात वेळा.

मृणाली : त्यामुळे माझं काम सोपं झालं. या इकडे, पडद्यावर बघा. दोन हजार चौदा. दोन्ही पापण्या सारख्या, काळं बुबुळ वरून जरासं झाकलेलं. हवं तसं. हे सतरा साल. बाप्पाची उजवी पापणी थोडी खाली. एकोणीस. अजून खाली. हे बावीस.

आप्पा : बावीसला झोप आलीय त्याला.

मृणाली : हो ना? तेवीसला तर पापणी जवळजवळ बाहुलीला टेकलीय.

आप्पा : पण हे उजव्या डोळ्याचं. माझा तर डावा पडतो. फोटो उलटा आला असेल.

मृणाली : फोटो सरळ आहे. आरशात तुमचा डावा डोळा तुमच्या डाव्या हातालाच दिसतो. तुम्ही तो तसाच मूर्तीवर डाव्या हाताला काढलात. मूर्ती तुमच्याकडे तोंड करून बसलेली. तिचा तो उजवा.

आप्पा : म्हणजे सात-आठ वर्षं मी बाप्पाला माझं दुखणं लावतोय?

मृणाली : तुम्हाला जे दिसलं, ते तुम्ही इमानाने काढलंत. हळूहळू खाली येणारी गोष्ट माणसाला स्वतःला कळत नाही.

आप्पा : पण गावात कोण बोललं नाय!

समीक्षा : तुळसाकाकी बोलल्या होत्या. यंदा बाप्पा मोदक खाऊन सुस्तावलेत, म्हणाल्या. तुम्ही हसलात.

आप्पा : मला वाटलं, कौतुक करतेय.

मृणाली : आता हा शेवटचा. गेल्या वर्षीचा. आणि इथे माझं गाडं अडलंय. दोन्ही पापण्या सारख्या. अगदी चौदा सालासारख्या.

आप्पा : बघा! बघा म्हटलं! गेल्या वर्षी पाट उचलताना लोकं म्हणत होती, आप्पा, यंदा बाप्पा कसा टक्क बघतोय. मला माझंच कळलं होतं. हात परत आला.

मृणाली : हात परत आला असेल तर आनंद आहे. पापणी परत आली असेल तर मी आज ऑपरेशन करणार नाही.

आप्पा : काय?

मृणाली : सुटलेला पट्टा आपला आपण बांधला जात नाही, आप्पा. पापणी एक वर्ष खाली, एक वर्ष वर, पुन्हा खाली, असं होत असेल, तर दोष पट्ट्यात नाही. नसेकडून स्नायूला निरोपच नीट पोचत नाही असा एक आजार असतो. त्याला गोळ्या लागतात, टाके नाहीत. म्हणून तर बर्फ ठेवला, वर बघायला लावलं.

आप्पा : पण त्यात मी पास झालो ना? तुम्हीच म्हणालात.

मृणाली : झालात. म्हणून शंका बारीक आहे. पण बारीक शंका असली तरी मी पापणीला ब्लेड लावत नाही. रक्त मुंबईला पाठवते. अहवाल पंधरा दिवसांत येईल. तो चांगला आला तर पुढची तारीख.

आप्पा : पंधरा दिवस, वर तारीख, वर सूज. गणपती चौतीस दिवसांवर हायत, डॉक्टरीणबाई. नागपंचमीला घराघरातून पाट येतील, मूर्ती बसवायला. आत्ता काय करतो सांगू? डाव्या हाताच्या बोटाने पापणी वर धरतो आणि उजव्याने आखतो. हात दोनच हायत. मूर्ती कोण धरणार?

मृणाली : उजवा डोळा चांगला आहे की तुमचा.

आप्पा : एका डोळ्याने बघितलं तर ब्रश मूर्तीला कधी टेकणार तेच कळत नाय. तांदळाएवढी रेघ, तिथे अंदाज चालत नाय. यंदा नाय जमलं, तर लोकं गणपती पेणहून आणतील. आणि एकदा का पाट दुसरीकडे गेला, की तो परत येत नाय. माझ्या आज्यापासूनची शाळा हाय ही. हिला असं कुलूप लागू देऊ?

मृणाली : मग नीट आठवून सांगा. गेल्या वर्षी आखणीच्या दिवसांत पापणी कशी होती? वर होती?

आप्पा : वर कुठली! होती अशीच. बोटाने धरूनच आखलं, आरशात बघताना तेवढी सोडायची.

मृणाली : मग आरशात खालची पापणी दिसत असताना तुम्ही मूर्तीवर वरची कशी काढलीत?

आप्पा : ते मला काय माहीत? निघाली.

मृणाली : एकशे सात वेळा?

आप्पा : दुसऱ्या कोणाचा हात डोळ्याला लागत नाय. ब्रश डब्यात, डब्याला कुलूप, किल्ली माझ्या जानव्याला. खारीच्या केसांचा ब्रश, बापाशीचा. सर्वेशला पण कधी दिला नाय.

मृणाली : समीक्षा, तुम्हाला काही सांगायचंय का? मघापासून दाराची कडी धरून उभ्या आहात.

समीक्षा : आज ऑपरेशन झालं नाही, तर खरंच पंधरा दिवस जाणार?

मृणाली : कमीत कमी.

समीक्षा : मग सांगते. आप्पा, रागवा, पण आधी पुरतं ऐकून घ्या. गेल्या वर्षीचे डोळे मी सुधारले.

आप्पा : कोणाचे?

समीक्षा : बाप्पांचे. उजवी पापणी वर घेतली. तुम्ही जेवून दोन ते चार झोपता ना. रोज आठ-नऊ व्हायच्या.

आप्पा : सगळ्या? एकशे सातच्या एकशे सात?

समीक्षा : एकशे सहा. बाबल्याआजोबांनी त्यांची मूर्ती डोळे झाले त्याच सकाळी नेली होती.

आप्पा : म्हणून बाबल्या म्हणाला, माझाच बाप्पा का रे पेंगतो! मी त्याला म्हटलं, तुझ्या घरात दुसरं काय करील. ...आणि काढलंस कशाने? किल्ली माझ्याकडे.

समीक्षा : आयलायनरच्या ब्रशने.

आप्पा : ते काय असतं?

मृणाली : बायका पापणीच्या कडेला रेघ काढतात ना, आप्पा, तो ब्रश.

आप्पा : बाप्पाच्या डोळ्याला नटण्याचा ब्रश?

समीक्षा : नवा होता. चिपळूणला माहेरी गेले होते तेव्हा त्याच्यासाठीच घेतला. माझ्या डोळ्याला एकदाही लावला नाही.

मृणाली : समीक्षा, तुमच्यावर अविश्वास नाही. पण सासऱ्यांचं ऑपरेशन व्हावं म्हणून कोणीही असं सांगेल. काही दाखवता येईल?

समीक्षा : फोटो आहेत. सुधारायच्या आधी प्रत्येक मूर्तीचा काढायचे. एकदा रंग लावला की मूळ रेघ कुठे होती ते कळत नाही, म्हणून. हे बघा. तारीख आहे वर.

मृणाली : द्या. ...ही बाहुलीच्या मध्यावर आलीय. तेवीसपेक्षाही खाली. हीपण. हीपण. सगळ्या सारख्या उतरल्यात. म्हणजे कधी वर, कधी खाली असं काही झालेलंच नाही. सरळ उतरत आलीय. आप्पा, माझी शंका फिटली. पट्टाच सुटलाय. ऑपरेशन आज आणि आत्ता.

आप्पा : हं.

मृणाली : हं काय? आनंद नाही झाला?

आप्पा : होईल. जरा थांबा. वर्षभर मी काय समजत होतो माहीत हाय? हात परत आला. बाजारात ताठ मानेने हिंडलो. पासष्टाव्या वर्षी असली रेघ कोणाची येत नाय, असं चारचौघांत बोललो. आणि ती रेघ हिची. लाज वाटते गो मला.

समीक्षा : आप्पा, रेघ तुमचीच. मी चौदा सालचा फोटो समोर ठेवायचे आणि तीच परत काढायचे. माझं त्यात काही नाही.

आप्पा : खोटं बोलू नको. दुसऱ्याची रेघ परत काढता येणं हे काय थोडं हाय? सर्वेशला दोन वर्षं शिकवलं, त्याचा गणपती कायम घाबरलेला दिसायचा. तू मला तोंडावर का नाय सांगितलंस?

समीक्षा : सांगितलं असतं तर हात लावू दिला असतात?

आप्पा : नाय.

समीक्षा : मला भीती वाटायची. तुम्हाला कळलं, तर तुम्ही ब्रश खाली ठेवाल आणि परत उचलणार नाही. घरात तुम्ही कसे बसाल मग? मला बघवलं नसतं.

आप्पा : आणि तू सांगितलं असतंस, तर मी वर्षभर आधी इथे आलो असतो. बोट पापणीला लावून आखलं नसतं.

समीक्षा : हो. ते माझं चुकलं. त्याचं मला फार वाईट वाटतं, आप्पा.

आप्पा : पुरे. रडू नको, इथे आधीच सगळ्यांचे डोळे खराब हायत.

मृणाली : चला, आता खूण करायची. पापणीच्या घडीवर पेनने रेघ काढते. त्याच रेघेवर मी कापते, म्हणजे नंतर टाक्याचा व्रण घडीत लपतो. डोळा मिटा.

आप्पा : थांबा. ती रेघ हिला काढू दे.

मृणाली : आप्पा, हे ऑपरेशन आहे. आखणी नाही.

आप्पा : तुम्ही मोजा ना. केसभर चुकली तर पुसा आणि तुमची काढा. पेन पुसतं की नाय?

मृणाली : स्पिरिटने पुसतं.

आप्पा : मग झालं. मला बघायचाय हिचा हात. गेल्या वर्षी मी झोपलो होतो.

मृणाली : समीक्षा, हात धुवून या. ...बसा. उजव्या डोळ्याची घडी नीट बघून घ्या, तशीच इकडे हवी. पेन हलकं टेकवा.

समीक्षा : मॅडम, मला मूर्तीची सवय आहे. मूर्ती हलत नाही.

आप्पा : मी पण हलणार नाय. काढ.

समीक्षा : डोळा मिटा, आप्पा. कपाळ सैल सोडा. भुवई वर चढवताय तुम्ही. हां, अशी. आता जरासा श्वास धरा. ...सोडा. झाली.

मृणाली : बघू. मोजायची पट्टी कुठे गेली? ...कडेपासून मध्यावर आठ मिलिमीटर. उजवीकडे... आठ. नाकाच्या बाजूला थोडी उतरवलीत.

समीक्षा : उजवीकडे तशीच आहे.

मृणाली : आहे. मीही तशीच काढली असती. आप्पा, ही मी पुसत नाही. आरसा हवाय बघायला?

आप्पा : नको. एवढा घोळ त्या आरशानेच घातलान्. तुम्ही मोजलीत, हिने काढली, बरोबरच असणार.

मृणाली : मग पुढचं ऐका, दोघंही. आठ दिवसांनी टाके काढायचे. तीन आठवडे सूज राहील. तोवर खाली वाकायचं नाही, धुळीत बसायचं नाही, डोळ्याला ताण नको. घरी जाताना फेरीबोटीच्या वाऱ्यात चष्मा लावून बसायचं.

आप्पा : आखणी गणपतीच्या पंधरा दिवस आधी लागते. म्हणजे सुरुवातीला मी नाय.

मृणाली : नाही. शेवटच्या दहा दिवसांत बसा, तेही मी बघून हो म्हटल्यावर.

आप्पा : समीक्षा.

समीक्षा : काय आप्पा?

आप्पा : ही जानव्याची किल्ली काढून घे. आत नेताना असंही सगळं काढायला लावतील. आणि तुझा तो नटण्याचा ब्रश पण टाकू नको. बापाशीच्या ब्रशाचे केस झडलेत दोन वर्षांपूर्वीच, मी कोणाला बोललो नाय.

समीक्षा : बरं.

आप्पा : आणि दुपारची माझी झोप बंद.

समीक्षा : अहो, मॅडम आत्ता म्हणाल्या ना, विश्रांती घ्यायची.

आप्पा : विश्रांती खुर्चीत बसून पण होते. यंदा माझ्यासमोर आख.